छेद कोणता? वाचनालयाच्या पाहणीतले ६६ जण आणि त्यांच्या तीन टक्केवाऱ्या

हे प्रकरण एका सार्वजनिक वाचनालयाचं आहे. वाचनालय ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. आकड्यांमधलं नातं मात्र तसंच ठेवलंय, कारण सगळा घोळ त्या नात्यातच होता. माझा संबंध एवढाच की पाहणीचे अर्ज भरून झाल्यावर आणि पहिला अहवाल लिहून झाल्यावर मला बोलावलं गेलं. आधी बोलावलं असतं तर बरं झालं असतं, पण आकडेवारी बघणाऱ्या माणसाला आधी कोणी बोलावत नाही.

## पार्श्वभूमी

वाचनालय रात्री आठला बंद व्हायचं. ते दहापर्यंत उघडं ठेवावं अशा चिठ्ठ्या सूचनापेटीत बरेच दिवस येत होत्या. कार्यकारिणीत दोन तट होते. कार्यवाहांना वेळ वाढवायची होती. ग्रंथपालांना नको होती, कारण वाढीव दोन तासांची माणसं आणायची कुठून हा प्रश्न शेवटी त्यांच्याच गळ्यात पडणार होता. वाद मिटावा म्हणून सभासदांनाच विचारायचं ठरलं.

एका पानाचा अर्ज छापला, त्यात तीन प्रश्न. तुम्ही विद्यार्थी, नोकरदार की निवृत्त? वाचनालयापासून चालत १५ मिनिटांच्या आत राहता का? आणि वेळ रात्री दहापर्यंत वाढवावी का: हो, नाही, सांगता येत नाही. अर्ज दोन आठवडे अभ्यासिकेतल्या टेबलांवर आणि देवघेव विभागाच्या खिडकीशी ठेवले होते. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात एक स्वयंसेवक तिथे बसून ते भरून घेत असे.

एकूण १,५०० सभासदांपैकी ४०० जणांनी अर्ज भरले. गठ्ठा मोजून जी सारणी तयार झाली ती अशी:

| | हो | नाही | सांगता येत नाही | एकूण |
|---|---|---|---|---|
| विद्यार्थी | १०८ | ९६ | ३६ | २४० |
| नोकरदार | ६६ | २४ | १० | १०० |
| निवृत्त | ६ | ४८ | ६ | ६० |
| एकूण | १८० | १६८ | ५२ | ४०० |

मोजणीत एकही चूक नव्हती. मी स्वतः गठ्ठा पुन्हा मोजला. अडचण सुरू झाली ती टक्के काढायला घेतल्यावर.

## अडचण

कार्यवाहांच्या अहवालात दोन वाक्यं ठळक अक्षरांत होती. पहिलं: ‘वेळवाढीच्या बाजूने बहुमत, ५२ टक्के.’ दुसरं: ‘वेळवाढ मागणाऱ्यांत ६० टक्के विद्यार्थी.’ त्यावरून काढलेला निष्कर्ष असा की रात्रीची वेळ ही मुख्यतः विद्यार्थ्यांची गरज आहे. तेव्हा आठनंतर फक्त अभ्यासिका उघडी ठेवावी आणि पुस्तकांची देवघेव नेहमीप्रमाणे आठलाच बंद करावी. खर्चही कमी.

ग्रंथपालांनी त्याच सारणीवरून वेगळं टिपण काढलं होतं. त्यात लिहिलं होतं: ‘फक्त साडेसोळा टक्के नोकरदारांना वेळवाढ हवी आहे.’

आणि तिसरे एक सदस्य, जे फारसं बोलत नसत, त्यांनी घरी गणित करून चिठ्ठीवर लिहून आणलं होतं: ‘नोकरदार ६६ टक्के हो म्हणतात.’

म्हणजे नोकरदारांबद्दल एका टिपणात साडेसोळा, दुसऱ्यात सहासष्ट. कार्यवाहांच्या अहवालात त्यांचा उल्लेखच नव्हता, पण हिशोब पुढे नेला तर ‘हो’ म्हणणाऱ्यांत नोकरदार ३६.७ टक्के निघत होते. बैठकीत आवाज चढले. कोणीतरी ‘आकडे हवे तसे वाकवता येतात’ हे नेहमीचं वाक्य टाकलं. वाकवले कोणीच नव्हते. तिन्ही भागाकार बरोबर होते.

सारणीतली ‘नोकरदार’ ओळ आणि ‘हो’ रकाना जिथे भेटतात त्या चौकटीत ६६ आहे. या ६६ ला तीन छेद देता येतात. ओळीची बेरीज १०० घेतली तर ६६ टक्के: नोकरदारांपैकी किती जण ‘हो’ म्हणाले. रकान्याची बेरीज १८० घेतली तर ३६.७ टक्के: ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण नोकरदार. एकूण बेरीज ४०० घेतली तर १६.५ टक्के: सगळ्या उत्तर देणाऱ्यांपैकी किती जण नोकरदार असून ‘हो’ म्हणाले. अंश एकच, छेद तीन, म्हणून प्रश्नही तीन. ग्रंथपालांचा आकडा चुकला नव्हता, त्याला जोडलेलं वाक्य चुकलं होतं. साडेसोळा टक्के ‘नोकरदारांना’ नव्हेत, ‘उत्तर देणाऱ्या सर्वांमध्ये’. मराठीत ‘-पैकी’ हा एवढासा शब्द छेद सांगतो. तो वाक्यातून गळला की वाचणारा आपल्या सोयीचा छेद धरतो.

## आधी एक परकी सारणी

बैठकीत प्रत्येकाने बाजू घेतलेली होती, त्यामुळे याच सारणीवर समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मी फळ्यावर टायटॅनिकचे आकडे लिहिले. त्या जहाजाशी खोलीतल्या कोणाचंच वैर नव्हतं.

१९१२ च्या ब्रिटिश चौकशीतल्या आकड्यांनुसार जहाजावर २,२०१ माणसं होती आणि ७११ वाचली. पहिल्या वर्गातले ३२५ पैकी २०३, दुसऱ्या वर्गातले २८५ पैकी ११८, तिसऱ्या वर्गातले ७०६ पैकी १७८ आणि कर्मचाऱ्यांतले ८८५ पैकी २१२ वाचले.

मग विचारलं, वाचलेल्यांत सर्वांत मोठा गट कोणाचा? कर्मचाऱ्यांचा: ७११ पैकी २१२, जवळजवळ ३० टक्के. पहिला वर्ग त्याच्या किंचित खाली, २९ टक्के. एवढंच वाचून ‘कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःचा जीव वाचवला’ असं कोणी म्हणेल. आता ओळीच्या बाजूने बघा. पहिल्या वर्गातले ६२ टक्के वाचले, दुसऱ्यातले ४१, तिसऱ्यातले २५ आणि कर्मचाऱ्यांतले २४. वाचलेल्यांत सर्वाधिक संख्या ज्यांची, वाचण्याची शक्यता सर्वांत कमी त्यांचीच. कारण सरळ आहे, मुळात कर्मचारी संख्येनेच सर्वांत जास्त होते.

कार्यवाह थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आमचे विद्यार्थी तुमचे कर्मचारी.” अगदी तेच. आणि विशेष म्हणजे ते हे स्वतःच्याच अहवालाबद्दल बोलत होते.

## कोणते टक्के काढायचे, हा पहिला निर्णय

ओळीने टक्के काढले की चित्र असं दिसतं:

| | हो | नाही | सांगता येत नाही | छेद |
|---|---|---|---|---|
| विद्यार्थी | ४५% | ४०% | १५% | २४० |
| नोकरदार | ६६% | २४% | १०% | १०० |
| निवृत्त | १०% | ८०% | १०% | ६० |
| एकूण | ४५% | ४२% | १३% | ४०० |

शेवटची ओळ महत्त्वाची. माणूस विद्यार्थी असो की निवृत्त, त्याने मताला काहीच फरक पडत नसता, तर प्रत्येक ओळीत साधारण ४५–४२–१३ हेच दिसलं असतं. १०० नोकरदारांत ४५ ‘हो’ अपेक्षित होते, आले ६६. ६० निवृत्तांत २७ अपेक्षित होते, आले ६. आणि २४० विद्यार्थ्यांत अपेक्षित होते १०८, आले बरोबर १०८. म्हणजे ज्या विद्यार्थ्यांच्या नावाने सगळी योजना आखली होती, ते सरासरीपेक्षा एकानेही जास्त उत्सुक नव्हते. (यात थोडी खोच आहे. एकूण चारशेत अडीचशेच्या जवळपास विद्यार्थीच असल्याने सरासरी त्यांच्याकडेच ओढली गेलेली असते. तरी नोकरदारांशी तुलना उरतेच.)

अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतल्या याच फरकावर कार्ल पिअर्सनने १९०० साली काय-वर्ग चाचणी मांडली. मी ती केली. तीत प्रत्येक चौकटीतल्या फरकाचा वर्ग अपेक्षित आकड्याने भागून सगळ्यांची बेरीज करतात. ती ५६ च्या वर गेली, आणि या मापाच्या सारणीत साडेनऊच्या पुढे गेलं तरी फरक निव्वळ योगायोगाचा मानत नाहीत. पण बैठकीत मी चाचणीचा आकडा सांगितला नाही. ‘४५ अपेक्षित, ६६ आले’ हे सगळ्यांना कळत होतं.

मी धरतो तो नियम साधा आहे. ज्या गोष्टीमुळे मत बदलत असेल असा आपला अंदाज आहे, त्या गोष्टीच्या प्रत्येक गटाचे शंभर करायचे आणि मग गटागटांत तुलना करायची. इथे माणूस कोण आहे यावर मत ठरतं. वेळवाढीचं मत झालं म्हणून कोणी विद्यार्थी होत नाही. म्हणून ओळीची बेरीज १००, आणि वाचायचं खाली, रकान्यातून: ४५, ६६, १०. टक्के आडवे काढा, तुलना उभी करा. उलट मांडणी असेल तर उलट.

रकान्याचे टक्के निरुपयोगी असतात असं मात्र नाही. आठनंतर दार उघडं ठेवलं तर आत कोण बसलेलं असेल हा प्रश्न रकान्याचाच आहे. कर्मचारी नेमायचे, खुर्च्या लावायच्या, तर तोच लागतो. पण त्याला एक दुखणं आहे, आणि या पाहणीत ते पुरतं उघडं पडलं.

## दुसरा निर्णय: अर्ज कोणी भरले

अर्ज ठेवले होते अभ्यासिकेत, दिवसा अकरा ते पाच. त्या वेळी तिथे विद्यार्थीच असणार. सभासद नोंदवही काढली तेव्हा १,५०० सभासदांत विद्यार्थी ४५०, नोकरदार ६७५ आणि निवृत्त ३७५ निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांनी अर्ज भरले, ५३ टक्के. नोकरदारांतल्या १५ टक्क्यांनी आणि निवृत्तांतल्या १६ टक्क्यांनी.

आता प्रत्येक गटाची ओळीची टक्केवारी त्या गटाच्या खऱ्या सभासदसंख्येला लावून पाहिली:

| | सभासद | हो (ओळीने) | अंदाजे हो | त्यातला वाटा |
|---|---|---|---|---|
| विद्यार्थी | ४५० | ४५% | २०३ | ३०% |
| नोकरदार | ६७५ | ६६% | ४४६ | ६५% |
| निवृत्त | ३७५ | १०% | ३८ | ५% |

वेळवाढ मागणाऱ्यांत विद्यार्थ्यांचा ६० टक्के वाटा निम्म्यावर आला, ३० टक्के. नोकरदारांचा ३७ वरून ६५ वर गेला. रकान्याच्या टक्केवारीचं दुखणं हेच. कोणत्या गटातून किती अर्ज आले यावर ती पूर्ण अवलंबून असते. अर्जांचा गठ्ठा अभ्यासिकेतून उचलून वाचनालयाच्या दाराशी संध्याकाळी सातला ठेवला असता, तर तेवढ्यानेच ‘६० टक्के विद्यार्थी’ हे वाक्य मोडलं असतं. ओळीची टक्केवारी त्याने हलली नसती, निदान गटागटांतल्या संख्येच्या फरकाने तरी नाही.

गंमत एका गोष्टीची. एकूण ‘हो’ मात्र जवळजवळ होता तिथेच राहिला: आधी ४५, आता ४५.७. नोकरदारांचं वजन वाढल्याने तो वर गेला आणि निवृत्तांचं वजन वाढल्याने खाली आला, दोन्ही एकमेकांना फिटले. एकूण आकडा बरोबर निघाला म्हणून आतले आकडे बरोबर असतील, हा भरवसा इथे कामाला आला नसता.

## तिसरा निर्णय: ‘सांगता येत नाही’चं काय करायचं

कार्यवाहांचे ५२ टक्के कुठून आले? ‘सांगता येत नाही’ म्हणणारे ५२ जण त्यांनी वगळले (इथे ५२ आणि ५२ सारखे येणं हा निव्वळ योगायोग, पण त्याने गोंधळ वाढवला) आणि १८० ला ३४८ ने भागलं. ५१.७ चे झाले ५२.

वगळणं हा गुन्हा नाही. निवडणुकीत मत न देणारे मोजत नाहीत. पण ‘बहुमत’ हा शब्द वाचला की वाचणारा सगळ्या उत्तर देणाऱ्यांत बहुमत असं समजतो, आणि तसं बघितलं तर ते ४५ टक्केच होतं. शिवाय विद्यार्थ्यांतले १५ टक्के कुंपणावर होते, इतर दोन गटांत १०-१० टक्के. त्यांना काढून टाकलं की विद्यार्थ्यांचा ‘हो’ ४५ वरून थेट ५३ वर जातो. मी ते ठेवावेत असं म्हटलं. ‘रात्री दहाला घरी कसं जायचं ते ठरलं की सांगेन’ हे उत्तर ‘सांगता येत नाही’तच येणार, आणि आपल्याला नेमकं तेच हवं होतं.

अहवालातून आणखी एक वाक्य काढायला लावलं: ‘नोकरदारांचा पाठिंबा विद्यार्थ्यांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त.’ हे चिठ्ठीवाल्या सदस्यांनी उत्साहाने घातलं होतं. ६६ ला ४५ ने भागलं तर १.४७ येतात हे खरं. पण वाचणारा ४५ मध्ये ४७ मिळवून ९२ करेल किंवा पूर्ण गोंधळेल. ‘६६ विरुद्ध ४५, म्हणजे २१ टक्केबिंदूंचा फरक’ एवढं पुरे. दोन्ही मूळ आकडे समोर असले की फरक वाचणारा स्वतः काढतो.

## चौथा निर्णय: आणखी फोडायचं का

१९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. विभागवार फोडल्यावर तो भेदभाव बहुतेक विभागांत दिसेना. ज्या विभागांत कोणालाच सहज प्रवेश मिळत नाही अशा विभागांकडे स्त्रियांनी जास्त अर्ज केले होते. १९७५ साली प्रसिद्ध झालेलं हे विश्लेषण डोक्यात असलं की कुठलीही दोन-रकानी तुलना बघून हात थांबतो. मागे तिसरी गोष्ट दडलीय का ते बघावं लागतं.

आमच्या अर्जावर तिसरी गोष्ट आयती होती: अंतर. विद्यार्थी आणि नोकरदार दोघांनाही ‘जवळ’ आणि ‘लांब’मध्ये फोडलं.

| ‘हो’ म्हणणारे | जवळ | लांब |
|---|---|---|
| विद्यार्थी | १२० पैकी ७८ (६५%) | १२० पैकी ३० (२५%) |
| नोकरदार | ४० पैकी २८ (७०%) | ६० पैकी ३८ (६३%) |

बर्कलीसारखं उलटं काही झालं नाही. पण ४५ टक्के हा आकडा ज्याचा आहे असा विद्यार्थीच सापडेना. जवळचे विद्यार्थी नोकरदारांच्या बरोबरीने उत्सुक, लांबचे नाराज. नोकरदारांत अंतराने फारसा फरक नाही. मला तेव्हा सुचलेलं कारण वाहनाचं: लांबचा विद्यार्थी शेवटच्या बसवर अवलंबून, नोकरदार स्वतःच्या गाडीवर. अर्जात मात्र वाहनाचा प्रश्न नव्हता, म्हणून अहवालात ते ‘शक्य आहे’ एवढंच गेलं.

६५ आणि ७० मधल्या फरकाबद्दल काही बोलायचं नाही असं मी स्पष्ट लिहिलं. ४० जणांवर काढलेल्या ७० टक्क्यांना चौदाएक टक्केबिंदू इकडे-तिकडे धरावेच लागतात, आणि तेही अर्ज चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसांनी भरले असते तर. इथे तर ज्याला वाटलं त्याने भरले होते. निवृत्तांना फोडलंच नाही. सहा जणांचे दोन भाग करून त्यांचे टक्के काढायचे आणि त्यापुढे दशांश चिन्ह द्यायचं, हे मी पाहिलंय आणि ते वाचताना ओशाळल्यासारखं होतं.

## पर्याय

कार्यकारिणीपुढे चार वाटा होत्या. कार्यवाहांची मूळ योजना, म्हणजे फक्त अभ्यासिका दहापर्यंत. आहे तसंच चालू ठेवणं. पाहणी नव्याने, नीट घेणं. किंवा काही दिवस प्रयोग.

पहिली वाट सारणीनेच बंद केली. मागणी जर मुख्यतः नोकरदारांची असेल, तर त्यांना देवघेव हवी. कामावरून सुटून पुस्तक बदलायला धावत येणाऱ्या माणसाला अभ्यासिकेतला दिवा काय कामाचा? दुसऱ्या वाटेला ग्रंथपाल सोडून कोणी नव्हतं. तिसरी मला पटत होती, पण दोन महिने जाणार होते आणि सगळ्यांचा धीर संपला होता.

प्रयोगावर आल्यावर एकाने नऊपर्यंतची तडजोड सुचवली. मी विरोध केला. अर्जात दहा विचारलं होतं, नऊबद्दल आपल्याकडे एकही उत्तर नाही, असं माझं म्हणणं. तर्क बिनचूक होता. निर्णय मात्र चुकला, ते पुढे येईल.

## काय केलं

आठ आठवडे, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, रात्री दहापर्यंत अभ्यासिका आणि देवघेव दोन्ही उघडी. आठनंतर आत येणाऱ्याने वहीत सभासद क्रमांक आणि वेळ लिहायची, जाताना पुन्हा वेळ. अहवालही पुन्हा लिहिला. प्रत्येक टक्क्यापुढे कंसात छेद, आणि प्रत्येक वाक्यात ‘-पैकी’. वाचायला जरा खडबडीत झाला, पण दुसऱ्या बैठकीत आवाज चढले नाहीत.

## निकाल

चोवीस संध्याकाळींत १६९ वेगवेगळे सभासद निदान एकदा आले: नोकरदार ९४, विद्यार्थी ७१, निवृत्त ४.

बैठकीत मी पहिला आकडा सांगितला: आलेल्यांत ५६ टक्के नोकरदार. पाहणी खरी ठरली असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात कार्यवाहांनी विचारलं, “पण सर, हे कशाचे टक्के?”

मी गप्प झालो. आलेल्यांचे होते, म्हणजे रकान्याचे. गटवार काढले तर ६७५ नोकरदारांपैकी १४ टक्के आले, ४५० विद्यार्थ्यांपैकी १६ टक्के. दोघांत फरक नाहीच म्हणा. पाहणीत ६६ आणि ४५ असलेली दरी प्रत्यक्षात दिसली नाही. देवघेवीच्या खिडकीशी आठ ते पावणेनऊ गर्दी व्हायची हे खरं, त्यामुळे ती उघडी ठेवण्याचा निर्णय बरोबर होता. पण ‘नोकरदारांना जास्त गरज आहे’ हे मी ज्या खात्रीने मांडलं होतं ती खात्री उरली नाही. ‘हवी’ म्हणणं आणि प्रत्यक्ष येणं यांत अंतर असतं, हे एक. दुसरं मला जास्त खटकलं. नोकरदारांतले अर्ज भरणारे १५ टक्के आणि प्रयोगात आलेले १४ टक्के. कदाचित ही तीच माणसं, एरवीही वेळ काढून येणारी. तसं असेल तर मी ६६ टक्के ज्या ६७५ जणांना लावले, त्यातल्या उरलेल्या ५७५ जणांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. ओळीची टक्केवारी गटागटांतल्या कमी-जास्त प्रतिसादाला पुरून उरते. एकाच गटातले उत्साही तेवढे बोलले, तर तिचाही इलाज नसतो. अर्जावर नाव नव्हतं, त्यामुळे ताडून बघायची सोय नव्हती.

जाण्याच्या वेळा बघितल्या तर सव्वानऊनंतर बहुतेक टेबलं रिकामी. दहाचा आग्रह माझा होता. कार्यकारिणीने पुढे तेच तीन दिवस ठेवले आणि वेळ सव्वानऊ केली. ग्रंथपालांना एकच जादा माणूस लागला, त्यांनी तो दिला.

## पुन्हा करायचं झालं तर

अर्ज टेबलावर ठेवणार नाही. नोंदवहीतून प्रत्येक गटातले ठरावीक सभासद चिठ्ठ्या टाकून निवडेन आणि त्यांच्यामागे लागेन. शंभर जणांच्या मागे लागून ऐंशी उत्तरं मिळवलेली, आपणहून आलेल्या चारशेंपेक्षा मला जास्त उपयोगाची वाटतात.

‘हो की नाही’ऐवजी ‘आठनंतर आठवड्यातून किती दिवस याल, आणि किती वाजेपर्यंत थांबाल’ असं विचारेन. नऊबद्दल एकही उत्तर नाही हे माझं म्हणणं खरं होतं, पण तो दोष अर्जाचा होता, नऊ वाजण्याचा नव्हे.

तीनच गट ठेवले ही चूक आधी कोणाच्याच लक्षात आली नाही. घर सांभाळणाऱ्या सभासदांना अर्जात जागाच नव्हती. त्यांनी काय खूण केली असेल देव जाणे. कोणी निवृत्तवर केली असेल, कोणी नोकरदारवर. त्या ओळींत किती भेसळ झाली ते आता मोजता येणार नाही.

आणि प्रयोगाच्या वहीत अंतराचा रकाना घालायचा राहिला. जवळचे विद्यार्थी ६५ टक्के, लांबचे २५, हा पाहणीतला सर्वांत ठळक फरक होता, आणि प्रत्यक्ष आलेले ७१ विद्यार्थी जवळचे की लांबचे हे आम्हाला सांगता येत नाही. नव्या वहीत तो रकाना आखलाय. पहिल्या दोन पानांवर बहुतेकांनी तो कोरा सोडलाय.